फ्रीज गार होत नाही? गॅस भरायच्या आधी हे प्रश्न वाचा

होळी झाली की आमच्या दुकानातला फोन सकाळी आठपासून वाजायला लागतो. "दादा, फ्रीज गार होईना. गॅस संपला असंल, येऊन भरून द्या." सांगलीत गेली 22 वर्षं मी हेच काम करतोय आणि वाक्यही तेच ऐकतोय. घरी जाऊन बघावं तर बहुतेक वेळा गॅसला हात लावायची गरजच नसते. कुठे रबर सैल झालेलं असतं, कुठे पंखा बर्फात अडकलेला, कुठे पाहुण्यांच्या मुलाने नॉब फिरवलेला. तरी लोक काही हजार रुपये मोजून गॅस भरून घेतात आणि महिन्याभरात पुन्हा कोमट पाणी पितात. मला हे बघवत नाही. म्हणून गिऱ्हाईक फोनवर जे विचारतात ते सगळं इथे सविस्तर लिहून ठेवतो.

फ्रीज खरंच कमी गार होतोय, की मलाच तसं वाटतंय?

बाटलीला हात लावून हे कळत नाही. कडक उन्हातून आलेल्या माणसाला 12 अंशांचं पाणीही गारच लागतं. रात्री झोपताना मधल्या कप्प्यात पाण्याने भरलेला पेला ठेवा आणि त्यात थर्मामीटर बुडवून ठेवा. तापाचा थर्मामीटर चालणार नाही, तो इतकं कमी तापमान दाखवतच नाही. फ्रीजसाठीचा साधा थर्मामीटर वेगळा मिळतो. सकाळी पहिल्यांदा दार उघडाल तेव्हा आकडा वाचा. 3 ते 5 अंश असेल तर फ्रीज ठणठणीत आहे. 8च्या वर असेल तर काहीतरी बिघडलंय. पाण्यातच का ठेवायचा? कारण दार उघडताक्षणी आतली हवा बदलते, पेल्यातलं पाणी लगेच बदलत नाही.

थर्मामीटर नसेल तर बर्फाचा ट्रे बघा. संध्याकाळी भरलेला ट्रे सकाळी टणक झाला पाहिजे. वर पापुद्रा आणि खाली पाणी असेल तर तक्रार खरी आहे.

गॅस किती वर्षांनी संपतो?

संपत नाही. हे एवढं जरी प्रत्येक घरात पोचलं तरी लोकांचा पुष्कळ पैसा वाचेल.

घोटाळा 'गॅस' या शब्दाचा आहे. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस जळतो, म्हणून संपतो. फ्रीजमधला जळत नाही, तो सीलबंद नळ्यांमधून गोल फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो. दाबलेला तापलेला गॅस मागच्या जाळीत किंवा बाजूच्या पत्र्यामागच्या नळ्यांत उष्णता सोडतो आणि त्याचा द्रव होतो. तो द्रव कॅपिलरी नावाच्या अगदी बारीक नळीतून फ्रीजरकडे जातो, तिथे दाब एकदम उतरतो आणि तो उकळायला लागतो. उकळायला उष्णता लागते, ती तो तुमच्या दुधातून आणि भाजीतून ओढून घेतो. मग परत कॉम्प्रेसरकडे. या फेऱ्यात गॅस खर्च होत नाही. 20-25 वर्षं पहिल्याच गॅसवर चालणारे फ्रीज मी स्वतः बघितलेत.

तेव्हा गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळलाय. ती जागा न शोधता नुसता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

मग गॅस खरंच गळलाय हे कसं ओळखायचं?

तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर शंका घ्यावी. कॉम्प्रेसर बंद न होता सतत चालतो. मागची जाळी किंवा बाजूचे पत्रे नेहमी कोमट लागायचे ते आता थंडच राहतात. आणि सिंगल डोअर असेल तर फ्रीजरच्या एकाच कोपऱ्यात वीतभर हिम धरतं, बाकीचा फ्रीजर कोरडा राहतो. पुरेसा गॅस असेल तर हिम सगळीकडे सारखं धरतं.

यातली एकच खूण दिसत असेल तर कारण बहुधा दुसरं असतं. बाजू चांगल्या तापतायत आणि तरी आत गार नाही, तर गॅस फिरतोय असं समजा आणि आधी बाकीचं तपासा. गॅस आत आहे, पण नळीत कचरा किंवा ओल अडकली, असंही होतं. त्याची ओळख म्हणजे फ्रीज काही तास छान चालतो, मग गार होणं थांबतं, बंद ठेवून पुन्हा लावला की परत चालतो. कॅपिलरीच्या तोंडाशी ओलीचा बर्फ होऊन रस्ता बंद होतो आणि तो वितळला की मोकळा होतो. आम्ही याला 'चोक' म्हणतो.

मेकॅनिकला बोलवायच्या आधी घरच्या घरी काय बघू?

आधी प्लग. एक्स्टेंशन बोर्डवर फ्रीज लावला असेल तर तो काढून थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. सैल सॉकेटमध्ये पिन तापते, काळी पडते आणि कॉम्प्रेसरला पुरेशी वीज पोचत नाही. दार उघडल्यावर दिवा लागला म्हणजे वीज येतेय एवढंच कळतं, ती पुरेशी आहे असं नाही.

मग नॉब बघा. त्यावरचे 1 ते 7 आकडे म्हणजे अंश नव्हेत. आकडा जितका मोठा तितका फ्रीज जास्त गार. मला असे कित्येक जण भेटलेत ज्यांनी "2 अंशांवर ठेवलाय" म्हणून नॉब 2वर ठेवला होता. भर एप्रिलमध्ये.

सिंगल डोअरमध्ये नॉबच्या मधोमध एक छोटं बटण असतं, डिफ्रॉस्टचं. ते दाबलं की बर्फ वितळेपर्यंत कॉम्प्रेसर बंद राहतो. नॉब फिरवताना ते नकळत दाबलं जातं आणि कधीकधी आतच अडकून बसतं. मग दिवा लागतो, बाकी सगळं थंड. म्हणजे थंड काहीच नाही, फ्रीजच गप्प. नॉब एकदा शून्यावर नेऊन परत फिरवला की बटण बाहेर येतं. एवढ्या कामासाठी मी एकदा पावसात तासगावला जाऊन आलोय, आणि पैसे घ्यायला जीव धजावला नाही.

मग आतली मांडणी. डबल डोअरमध्ये गार हवा मागच्या भिंतीतल्या झडपांमधून येते. दिवाळीत फराळाचे डबे, मिठाईचे खोके आणि साखरेच्या पाकाची पातेली अगदी मागे टेकवून ठेवली की त्या झडपा बंद होतात. वरच्या कप्प्यात बर्फ आणि खालच्या कप्प्यात कोमट, असं होतं ते यामुळेच. भांडी चार बोटं पुढे ओढा.

शेवटी फ्रीजच्या बाहेर बघा. भिंतीपासून मागे आणि बाजूंनी वीतभर तरी जागा हवी. आणि त्याच्यावरचं कव्हर! नक्षीचं प्लॅस्टिकचं कव्हर बाजूंवरून गुडघ्यापर्यंत सोडलेलं असतं. हल्लीच्या फ्रीजमध्ये उष्णता बाजूच्या पत्र्यांतूनच बाहेर पडते. ते झाकणं म्हणजे मे महिन्यात त्याला रजई घालण्यासारखं आहे. हौस असेल तर कव्हर फक्त माथ्यापुरतं ठेवा.

फ्रीजर एकदम कडक आहे, पण खाली काहीच गार होत नाही. असं कसं?

डबल डोअर फ्रॉस्ट-फ्री फ्रीजची सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच, आणि गॅसच्या नावाखाली सगळ्यात जास्त फसवणूकही इथेच होते. फ्रीजर कडक आहे म्हणजे गॅस आहे, कॉम्प्रेसर आहे. गारवा तयार होतोय, तो खाली पोचत नाहीये.

फ्रॉस्ट-फ्रीमध्ये गारवा एकाच जागी तयार होतो, फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड असलेल्या कॉइलवर. तिथून एक छोटा पंखा हवा वर फ्रीजरमध्ये आणि खाली फ्रीजमध्ये ढकलतो. कॉइलवर हिम धरतंच, म्हणून दर काही तासांनी एक हीटर थोडा वेळ लागतो, हिम वितळवतो, आणि पाणी नळीने खाली कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जातं. तिथे ते कॉम्प्रेसरच्या उष्णतेने आपोआप वाळतं. हा हीटर जळला, त्याचा बायमेटल (तापमान बघून हीटर चालू-बंद करणारा छोटा स्विच) किंवा सेन्सर बिघडला, किंवा जुन्या मॉडेलमधला टायमर अडकला, की हिम वितळायचं थांबतं.

मी असं पॅनेल उघडतो तेव्हा आत कॉइल दिसतच नाही. एक सलग पांढरी वीट असते. तिच्यात पंख्याची पाती अर्धी रुतलेली असते, आणि उघडण्याआधी पंख्याची 'खर्र खर्र' ऐकू आलेली असते, कारण पाती बर्फावर घासत असते. या विटेतून हवा जायला फट उरत नाही, म्हणून खालचा भाग कोमट.

याची परीक्षा घरी करता येते. फ्रीज रिकामा करा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवा आणि पूर्ण एक दिवस तसाच राहू द्या. खाली जुनी चादर अंथरा, पाणी येईल. मग लावून बघा. फ्रीज आठवडाभर झकास चालला आणि पुन्हा तेच झालं, तर दोष हिम वितळवणाऱ्या भागातच आहे. मेकॅनिकला नेमकं हेच सांगा. लगेचही गार झाला नाही तर पंखा बघा. फ्रीजरचं दार उघडून चौकटीतला दिव्याचा स्विच बोटाने दाबून धरा. बहुतेक मॉडेलमध्ये दार उघडलं की पंखा थांबतो आणि स्विच दाबला की फिरतो. कॉम्प्रेसर चालू असताना स्विच दाबूनही आवाज आला नाही तर पंख्याची मोटर तपासून घ्या. हीटर, बायमेटल, पंखा हे सगळं गॅसच्या कामापेक्षा खूप स्वस्तात बदलतं.

माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी हे घडलं. ती दुसऱ्या शहरात राहते. मला त्रास नको म्हणून तिने जवळच्याच एकाला बोलावलं. त्याने वर्षात तीनदा गॅस भरला. प्रत्येक वेळी कामासाठी फ्रीज दिवसभर बंद राहायचा, तेवढ्यात हिम वितळायचं, आणि आठ-दहा दिवस फ्रीज चालायचा. तिला वाटायचं गॅसचाच गुण आला. दिवाळीला गेलो तेव्हा पॅनेल उघडलं, तर हीटरची वायर तुटलेली. अर्ध्या तासाचं काम होतं. त्या वर्षी तिने गेलेल्या पैशांबद्दल अवाक्षर काढलं नाही, पण मला आजही ते लागतं.

सिंगल डोअरच्या फ्रीजरमध्ये बर्फाचा डोंगर झालाय. सुरीने काढू का?

नका. सुरी, उलथनं, चमच्याचा दांडा, काहीच नको. फ्रीजरचा तो पत्रा ॲल्युमिनियमचा असतो आणि गॅसच्या वाटा त्याच्या पोटातूनच जातात. सुरीचं टोक लागलं की 'फिस्स' असा बारीक आवाज येतो, आणि काही क्षणांत फ्रीजमधला सगळा गॅस हवेत जातो. त्या भोकाच्या कडेला तेलाचा एक चिकट थेंब दिसतो. गॅसबरोबर फिरणारं ते कॉम्प्रेसरचं तेल. असा आवाज आला तर प्लगला आणि शेगडीला हात लावू नका, आधी खिडक्या उघडा. गॅस खरोखर गळाल्याचे जे फ्रीज माझ्याकडे येतात, त्यांतले बरेचसे या सुरीचेच बळी असतात.

बर्फ बोटाच्या पेराच्या निम्म्याइतका जाड झाला की डिफ्रॉस्ट बटण दाबा किंवा प्लग काढा, आत गरम पाण्याचं पातेलं जाड फडक्यावर ठेवा आणि दार लावून घ्या. तासाभरात बर्फाची ढेपच सुटून येते. जाड बर्फ गारवा वाढवत नाही, उलट फ्रीजर आणि जिन्नस यांच्यामध्ये भिंत होऊन बसतो. तो लवकर लवकर साचत असेल तर बाहेरची दमट हवा आत येतेय. म्हणजे पुढचा प्रश्न.

दाराचं रबर खराब झालंय हे कसं कळेल?

दहाची नोट दारात अर्धी आत अर्धी धरून दार लावा आणि नोट ओढा. ती अडखळत निघाली पाहिजे. अलगद सुटून आली तर तिथे रबर धरत नाही. चारही बाजूंनी करा, बिजागरीच्या बाजूनेही. दुसरी युक्ती मला जास्त आवडते: रात्री खोलीतले दिवे बंद करा, मोबाइलची टॉर्च लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि दार लावा. उजेडाची रेघ दिसली की तीच तुमची फट.

रबर लगेच बदलू नका. घड्यांमध्ये लोणच्याचा खार, दुधाचे ओघळ, काळी बुरशी साचून ते ताठ होतं. जुना टूथब्रश, कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घेऊन घडी उघडून घासा, कोरडं पुसा. एखाद्या जागी चपटं झालं असेल तर हेअर ड्रायरने हलकं तापवून बोटांनी ओढून आकार द्या. फाटलं असेल तरच नवं घ्या, आणि ते त्याच मॉडेलचं. पुढचे दोन पाय स्क्रू फिरवून किंचित उंच ठेवले तर दार हात सोडल्यावर आपोआप लागतं. लहान मुलं असलेल्या घरात हा मोठा उपाय आहे.

दर पाच-सात मिनिटांनी मागून 'टक्' असा आवाज येतो आणि बंद होतो.

कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतोय आणि जमत नाहीये. सुरू होताना तो नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो. एक-दोन सेकंदांत फिरला नाही तर त्याला चिकटलेला ओव्हरलोड वीज तोडतो, तोच तो 'टक्'. गार झाला की पुन्हा जोडतो.

कारणं तीन: व्होल्टेज कमी, रिले (कॉम्प्रेसरला सुरुवातीचा धक्का देणारा भाग) गेलेला, किंवा कॉम्प्रेसरच जाम. या क्रमानेच तपासावं, कारण खर्चही याच क्रमाने वाढतो. रिले कॉम्प्रेसरच्या कुशीला खोचलेली काडेपेटीएवढी वस्तू. प्लग काढून मेकॅनिक ती ओढून काढतो आणि कानाशी हलवतो. आत खुळखुळलं तर तिच्यातली चकती फुटलेली असते. ही वस्तू काही शे रुपयांत येते. "कॉम्प्रेसर गेला" असं कुणी म्हणालं तर "रिले आणि ओव्हरलोड बदलून बघितला का?" एवढं विचारा. नव्या इन्व्हर्टर फ्रीजमध्ये रिले नसतो, तिथे कार्ड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी, असतं. त्याचं निदान कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

फ्रीजच्या बाजू चटका बसेल इतक्या तापतात. धोका आहे का?

उन्हाळ्यात बाजू गरम लागणं हे फ्रीज चालत असल्याचं लक्षण आहे. हात ठेवून राहवत नसेल तर हवा खेळायला जागा कमी पडतेय. जाळीवाला जुना फ्रीज असेल तर प्लग काढून जाळीवरची धूळ आणि कोळिष्टकं मऊ ब्रशने झाडा.

आमच्याकडे अकोल्याला 45 अंश तापमान असतं. नॉब शेवटपर्यंत फिरवूनही गार होत नाही.

फ्रीजच्या पाठीवरच्या किंवा आतल्या पट्टीवर 'एन', 'एसटी' किंवा 'टी' असं अक्षर असतं. तो फ्रीज किती गरम खोलीत चालेल हे ते सांगतं. 'एन' म्हणजे 32 अंशांपर्यंत, 'एसटी' 38 आणि 'टी' 43. विदर्भात फ्रीज घेताना 'टी' बघूनच घ्या. आणि 'टी'सुद्धा 43पर्यंतच आहे. पत्र्याच्या छपराखाली किंवा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीशी दुपारी तीनला त्याहून जास्त होतंच. अशा वेळी फ्रीज बिघडलेला नसतो, तो थकलेला असतो. त्याला घरातल्या सर्वांत सावलीच्या भिंतीशी न्या, शेगडीपासून लांब ठेवा, पंख्याचा वारा मागे जाईल असं बघा. पिण्याच्या पाण्यासाठी माठ ठेवला तर दिवसातून चाळीस वेळा दार उघडणं वाचतं. नॉब सातवर ठेवून उपयोग होत नाही. कॉम्प्रेसरला विसावा मिळत नाही, एवढंच होतं.

संध्याकाळी व्होल्टेज पडतं. स्टॅबिलायझर लागेल का?

आपल्याकडे पुरवठा 230 व्होल्टचा असतो. मळ्यात, वाडी-वस्तीवर सगळे पंप एकदम चालू झाले की तो 160-170पर्यंत उतरलेला मी मीटरवर बघितलाय. साध्या कॉम्प्रेसरला तिथे उठताच येत नाही. अशा ठिकाणी स्टॅबिलायझर हवाच, आणि तोही वीज परत आल्यावर तीन-चार मिनिटं थांबून फ्रीज चालू करणारा. वीज गेल्या गेल्या लगेच आली तर नळ्यांतला दाब उतरलेला नसतो आणि कॉम्प्रेसर त्या दाबाविरुद्ध झटापट करतो. स्टॅबिलायझर नसेल तर ही तीन-चार मिनिटं तुम्ही हाताने पाळा.

नवाच फ्रीज आहे. दिवे लागतात, बटणं चालतात, पण गार होत नाही.

डिजिटल पॅनेलच्या काही फ्रीजमध्ये दुकानात मांडून ठेवण्यासाठी 'डेमो मोड' असतो. त्यात दिवे लागतात, कॉम्प्रेसर चालत नाही. तो कसा काढायचा ते सोबतच्या पुस्तिकेत असतं. दुसरी गंमत कन्व्हर्टिबल फ्रीजची. फ्रीजरचा फ्रीज करायचं बटण चुकून दाबलं की आइस्क्रीमचं सरबत होतं, आणि बिघाड काहीच नसतो.

फ्रीज टेम्पोतून आडवा आणला असेल तर उभा करून काही तास, जमल्यास दिवसभर, न लावता ठेवा. कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत गेलेलं असतं, ते परत उतरायला वेळ लागतो.

भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतं.

पाणी जायचं भोक तुंबलंय. मागच्या भिंतीच्या तळाशी पन्हळीत बोटाएवढं भोक असतं, त्यात कोथिंबिरीची पानं किंवा मिरचीचं देठ अडकतं. सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजने कोमट पाणी दाबून सोडा. गॅसचा संबंध नाही.

तपासून झालं, गॅस खरंच गळलाय. काम करून घेताना काय बघू?

आधी पट्टीवर गॅसचं नाव वाचा. जुन्या फ्रीजमध्ये आर-12 असायचा. ओझोनच्या थराला तो घातक, म्हणून 1987च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने बंद झाला. मग आर-134ए आला, आणि आता बहुतेक नव्या घरगुती फ्रीजमध्ये आर-600ए असतो. हा आयसोब्युटेन, म्हणजे पेट घेणारा गॅस. तो फार कमी लागतो, साधारण 30 ते 60 ग्रॅम. आर-600एच्या फ्रीजमध्ये "स्वस्तात होतं" म्हणून दुसरा गॅस कुणी भरू पाहत असेल तर भरू देऊ नका. कॉम्प्रेसर त्या गॅससाठीच बनवलेला असतो.

आर-600ए उणे 12 अंशांच्या आसपास उकळतो. फ्रीजर त्याहून गार असल्यामुळे त्या बाजूच्या नळ्यांत चालू असताना बाहेरच्या हवेपेक्षाही कमी दाब असतो. तिथे भोक असेल तर गॅस बाहेर जाण्याऐवजी दमट हवाच आत ओढली जाते. पावसाळ्यात ती ओल कॅपिलरीत गोठते आणि मग चोकही होतो. म्हणून चालू फ्रीजच्या नळ्यांना साबणाचा फेस लावून गळती सापडेलच असं नाही. नायट्रोजन दाबाने भरायचा, मग फेस लावायचा, बुडबुडा येईल ती जागा पकडायची.

जागा सापडली की ती बंद करायची, नळीतला कचरा आणि ओल अडवणारा फिल्टर नवा लावायचा, आतली हवा आणि ओल ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास चालवायचा आणि मग पट्टीवर लिहिलेला गॅस काट्यावर मोजून भरायचा. यातली एकही पायरी गाळून चालत नाही. जो माणूस फक्त सिलिंडर आणि पाइप घेऊन आलाय, पंप आणि काटा आणला नाही, त्याला नम्रपणे परत पाठवा. 50 ग्रॅम अंदाजाने भरता येत नाहीत. काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवा, शेगडी आणि देवापुढचा दिवा बंद ठेवा. आर-600ए आत असताना नळीला ज्योत लावणं जिवावर बेतू शकतं, हे मी शिकाऊ पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो.

पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्या: गळती कुठे सापडली, फिल्टर बदलला, किती ग्रॅम भरला. वॉरंटीचं कार्डही काढून बघा. कॉम्प्रेसरवर 10 वर्षं लिहिलेली असतात, पण गॅस आणि मजुरी त्यात असेलच असं नाही. वॉरंटीत असून दाद मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे.

पुराच्या पाण्यात फ्रीज बुडाला होता. चालू करून बघू का?

अजिबात नको. 2019च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी मारुती चौकात, घराघरांत शिरलं आणि ओसरल्यावर आमच्या दुकानापुढे फ्रीजची रांग लागली. प्रत्येकाच्या तळाशी बोटभर गाळ. त्यातले बरेच वाचले, आणि जे वाचले ते मालकांनी प्लग लावला नव्हता म्हणून वाचले. कॉम्प्रेसर सीलबंद डबा असतो, पाणी त्याच्या आत जात नाही. जातं ते रिले, जोडण्या, पंख्याची मोटर आणि कार्डात. ते उघडून, धुऊन, वाळवून, मेगर (वीज कुठे गळतेय का ते दाखवणारं मीटर) लावून तपासलं की फ्रीज पुन्हा उभा राहू शकतो. मात्र भिंतीतल्या फोममध्ये पाणी मुरलं असेल तर तो फ्रीज जड लागतो, त्याला वास येत राहतो आणि गारवा टिकत नाही. तो सोडून द्यावा लागतो.

दुरुस्ती होईपर्यंत आतल्या जिनसांचं काय करू?

दार उघडू नका. बंद फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो. गच्च भरलेला फ्रीजर न उघडता दोन दिवसांपर्यंत टिकतो, अर्धा भरलेला एक दिवस. दूध काढून तापवा, लागेल तेवढं ठेवून बाकीचं विरजून टाका. मासे, मटण, शिजवलेला भात बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिले असतील तर वासावर विसंबू नका, टाकून द्या. लोणची, मुरंबा, तूप यांची काळजी नको.

घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर तिकडे सगळ्यात आधी बघा. न उघडलेल्या इन्सुलिनला 2 ते 8 अंश लागतात. शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये दारातल्या कप्प्यात ठेवायला द्या, फ्रीजरच्या जवळ नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरता येत नाही. शेजारी सोय नसेल तर औषधाच्या दुकानात विचारा, आमच्या गल्लीतला दुकानदार अशा वेळी नाव लिहिलेल्या डबीत ठेवून घेतो.